‘सरकारी शाळेला इम्युनिटी असते’ हे कितपत खरं? कॅलिफोर्नियात मूल शाळेत पडल्यावर काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा: सान होजेजवळच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत चौथीतला मुलगा मधल्या सुट्टीत मंकी बार्सवरून पडला. कोपराच्या वरचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया करून तारा घालाव्या लागल्या. त्या वेळी मैदानावर मोठी माणसं किती होती, हे कुणी धड सांगत नाही. प्रिन्सिपलनी आईवडिलांना सांगितलं, ‘पब्लिक स्कूलला इम्युनिटी असते, केस होत नाही.’ घटना १४ ऑक्टोबरची आहे आणि आता डिसेंबर संपत आलाय. प्रिन्सिपल म्हणतात ते खरं आहे का, आणि शिक्षिकेवर केस करावी का, असं विचारलं आहे.

प्रिन्सिपलचं वाक्य टेक्सासमध्ये बऱ्यापैकी खरं ठरलं असतं. कॅलिफोर्नियात ते फारच थोडं खरं आहे. इथे अशी प्रकरणं इम्युनिटीपेक्षा तारखा चुकल्यामुळे जास्त बुडतात. तुमची तारीख १४ एप्रिल. त्याच्या आत स्कूल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे, लेखी क्लेम पोचला पाहिजे. सध्या एवढं लिहून ठेवा. तपशील खाली देतो.

इम्युनिटी, म्हणजे सरकारी संस्थेवर दावा लावता न येण्याचं संरक्षण, आली कुठून, ते आधी. इंग्लंडमध्ये १७८८ साली एक निकाल लागला. नादुरुस्त पुलामुळे एका माणसाच्या गाडीचं नुकसान झालं, त्याने डेव्हन परगण्याच्या रहिवाशांवर दावा लावला आणि कोर्टाने तो चालू दिला नाही. ही कल्पना अमेरिकेत आली, राज्य सरकारांना लागू झाली आणि पुढे स्कूल डिस्ट्रिक्टपर्यंत पोचली. १९५९ मध्ये इलिनॉयच्या सुप्रीम कोर्टाने एका स्कूल बसच्या अपघाताच्या प्रकरणात तिला नकार दिला. १९६१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने मस्कोफ खटल्यात तेच केलं. मग १९६३ मध्ये इथल्या विधिमंडळाने स्वतःचा कायदा केला. आपण ज्याला गव्हर्नमेंट क्लेम्स ॲक्ट म्हणतो, तो हाच. त्याची रचना उलटी आहे. कलम ८१५ म्हणतं की सरकारी संस्थेवर दायित्व येणार नाही, कायद्यात तसं लिहिलेलं असल्याशिवाय. प्रिन्सिपलनी ऐकलेला भाग बहुधा इथे संपतो. पुढच्या कलमांनी दारं उघडली आहेत आणि त्यातली दोन तुमच्या कामाची आहेत.

पहिलं दार देखरेखीचं. कलम ८१५.२ प्रमाणे कर्मचाऱ्याने कामाच्या ओघात हलगर्जीपणा केला आणि त्यासाठी तो स्वतः जबाबदार ठरू शकत असेल, तर डिस्ट्रिक्टही जबाबदार. मुलांवर लक्ष ठेवण्याचं कर्तव्य एज्युकेशन कोडच्या ४४८०७ मध्ये आहे. त्यात मैदान आणि मधली सुट्टी स्पष्ट लिहिली आहे. या विषयावरचा पाया म्हणजे १९७० चा डेली खटला. लॉस एंजेलिसच्या एका हायस्कूलमध्ये जेवणाच्या सुट्टीत जिमबाहेर दोन मुलं गंमत म्हणून एकमेकांना थपडा मारत होती. पाच-दहा मिनिटं ते चाललं होतं, भोवती बघे जमले होते. एक मुलगा मागे पडला, डोकं डांबरी जमिनीवर आपटलं आणि तो गेला. ड्यूटीवरचे शिक्षक ऑफिसात होते, जेवत होते, फोनवर बोलत होते. त्यांच्या जागेवरून बाहेरचं काही दिसत नव्हतं. कोर्टाने म्हटलं, ही बाब ज्यूरीपुढे जायलाच हवी. मुलांचं वागणं मुलांसारखंच असणार आणि देखरेख ठेवायची ती त्यासाठीच.

डिस्ट्रिक्टचे वकील यावर कलम ८२०.२ पुढे करतात. कर्मचाऱ्याने स्वतःच्या विवेकाधिकारात घेतलेल्या निर्णयांना संरक्षण आहे, असं ते कलम म्हणतं. शब्द ऐकायला मोठा आहे, कारण विवेक कुठे वापरावा लागत नाही? पण १९६८ पासून कॅलिफोर्नियाच्या कोर्टांनी या कलमाला धोरणाच्या पातळीवर बांधून ठेवलं आहे. मैदानावर किती माणसं नेमायची, त्यासाठी किती पैसे ठेवायचे, असा डिस्ट्रिक्टच्या बोर्डाने विचार करून घेतलेला निर्णय त्यात बसू शकतो. नेमलेली यार्ड ड्यूटीची बाई भिंतीला टेकून फोन बघत होती, हे बसत नाही. म्हणून तक्रार ‘माणसं कमी होती’ एवढ्यावर थांबवू नका. कोण नेमलं होतं, ते कुठे उभं होतं, त्यांना काय दिसत होतं, हे शोधा.

आता या दाराची कमजोरी. शाळा मुलांची विमा कंपनी नाही, हे वाक्य निकालांमध्ये पुन्हा पुन्हा येतं. नऊ वर्षांचं मूल बारवरून हात सुटून एका क्षणात पडलं, तर शेजारी चार माणसं उभी असती तरी ते पडलंच असतं, असा बचाव होतो आणि तो पुष्कळदा टिकतो. देखरेखीचा मुद्दा वजनदार कधी होतो? दुसऱ्या मुलाने पाय ओढला, बारच्या वरून चालायचा खेळ चार दिवस सुरू होता, पावसाने बार ओले होते आणि तो भाग बंद करायचा नियम असूनही केला नव्हता, अशा गोष्टी निघाल्या तर. म्हणून मुलाला एकदाच, शांतपणे, पुढून काही न सुचवता विचारा आणि त्याच्याच शब्दांत तारीख घालून लिहून ठेवा. सोबतच्या मुलांची नावं मिळवा. त्यांच्या आईवडिलांशी आत्ताच बोला, कारण जूननंतर अर्धी कुटुंबं दुसऱ्या शाळेत गेलेली असतात.

दुसरं दार जमिनीचं आहे. मंकी बार्सच्या प्रकरणात माझ्या मते हेच जास्त भक्कम, आणि आईवडील नेमकं इकडेच बघत नाहीत. सगळा राग माणसांवर निघतो, जमीन तशीच पडून राहते. कलम ८३५ ‘मालमत्तेची धोकादायक स्थिती’ याबद्दल आहे. त्यात दाखवावं लागतं की जागा धोकादायक होती, त्यामुळे इजा झाली, अशी इजा होऊ शकते हे कळण्यासारखं होतं, आणि एकतर कर्मचाऱ्याच्याच चुकीने ती स्थिती तयार झाली किंवा डिस्ट्रिक्टला वेळेत कळलं होतं अथवा कळायला हवं होतं.

खेळाच्या साधनांखाली काय असावं याचे आकडे केंद्र सरकारच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या मैदान-पुस्तिकेत आहेत. लाकडी चिप्सचा दबलेला थर ९ इंच असेल तर १० फुटांपर्यंतच्या पडण्याला पुरतो. वाळू ९ इंच असेल तर फक्त ४ फुटांना. हिरवळ आणि डांबर यांना ती पुस्तिका संरक्षक पृष्ठभाग मानतच नाही. शाळकरी मुलांसाठी आडव्या शिडीची, म्हणजे मंकी बार्सची, उंची जास्तीत जास्त ८४ इंच. सुट्या साहित्याचा थर कालांतराने किमान पाव भाग दबतो, म्हणून ९ इंच टिकवायला सुरुवातीला १२ इंच भरावं लागतं. आणि चिप्स सगळीकडे सारख्या झिजत नाहीत. मुलं उडी मारून उतरतात ती जागा, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दांडीखालची, पायांनी उकरून खोलगट होते. कडेला ढीग, मध्ये खळगा. पडणारं मूल खळग्यातच पडतं. तिथे ३ इंच चिप्स आणि खाली टणक माती असेल, तर तुमच्या प्रकरणाचा खरा पुरावा तिथे आहे.

म्हणून सुट्टीच्या दिवशी, मैदान लोकांना खुलं असेल तेव्हा, साधी लोखंडी पट्टी घेऊन जा. चिप्समध्ये टणक लागेपर्यंत उभी घाला आणि आकडा वाचता येईल असा फोटो काढा. एक पहिल्या दांडीखाली, एक मधे, एक शेवटी, आणि एक दूरवरून ज्यात सगळं साधन दिसेल. बारची जमिनीपासूनची उंची टेपने मोजा. आता दोन महिने उलटले आहेत, मध्ये नवीन चिप्स टाकल्या असतील. तरी मोजा. नवीन टाकल्या असतील तर त्या कधी आणि का टाकल्या, याची बिलं मागता येतात. अपघातानंतरची दुरुस्ती हा हलगर्जीपणाचा पुरावा म्हणून चालत नाही, पण आधी थर किती होता याकडे जाणारा रस्ता त्या बिलांतून मिळतो.

कागद मागण्यासाठी कॅलिफोर्निया पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्टखाली साधी ईमेल पुरते. देता येईल की नाही हे डिस्ट्रिक्टला १० दिवसांत कळवावं लागतं. कारण असेल तर मुदत वाढवून घेतात. त्या दिवसाचं यार्ड ड्यूटीचं वेळापत्रक, त्या साधनाचे तपासणी अहवाल, गेल्या दोन-तीन वर्षांतल्या दुरुस्तीच्या वर्क ऑर्डर, चिप्स खरेदीची बिलं आणि त्याच साधनाबद्दल आलेल्या तक्रारी मागा. शेवटच्या दोन गोष्टींतून ‘डिस्ट्रिक्टला माहीत होतं’ हे सिद्ध होतं. अपघात अहवाल मागितलात तर बहुधा ‘तो वकिलांसाठी तयार केलेला गोपनीय कागद आहे’ असं उत्तर येईल. त्यावर भांडत बसू नका. नर्सच्या खोलीतली नोंद हा मुलाच्या रेकॉर्डचा भाग आहे आणि मुलाचं रेकॉर्ड पालकांना पाच कामकाजाच्या दिवसांत दाखवावं लागतं. कॅमेरा असेल तर फुटेज जपून ठेवा असं पत्र आजच पाठवा. बहुतेक यंत्रणा काही दिवसांनी जुन्यावर नवीन लिहितात, त्यामुळे आशा कमी आहे. पण मागणी केल्याची तारीख कागदावर हवी.

आता क्लेम. हा दावा नव्हे, दाव्याआधीची सूचना. ती दिली नाही तर दावा दाखलच करता येत नाही. इजेच्या प्रकरणात मुदत ६ महिने. नमुना बहुतेक डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर असतो. कलम ९१० प्रमाणे त्यात क्लेम करणाऱ्याचं नाव-पत्ता, पत्रव्यवहाराचा पत्ता, तारीख, जागा, काय घडलं, इजेचं वर्णन आणि माहीत असल्यास संबंधित कर्मचाऱ्यांची नावं लागतात. मागणी १०,००० डॉलरपेक्षा जास्त असेल तर आकडा लिहायचाच नाही. प्रकरण लिमिटेड सिव्हिलमध्ये, म्हणजे ३५,००० डॉलरच्या आत, बसतं की नाही एवढंच सांगायचं. हे तुमच्या फायद्याचं आहे. या वयात कोपर मोडल्यावर हात सरळ वाढतो की वाकतो हे कळायला वेळ लागतो. आत्ता आकडा टाकणं म्हणजे हवेत बाण.

सगळ्यात महागात पडणारी चूक ‘काय घडलं’ या रकान्यात होते. १९८८ चा फॉल रिव्हर खटला बघा. शाळेचं पोलादी दार विद्यार्थ्याच्या डोक्यावर जोरात आपटलं. क्लेममध्ये लिहिलं की दार धोकादायक होतं. पुढे दाव्यात जोडलं की मुलं धसमुसळेपणा करत होती आणि शाळेने लक्ष ठेवलं नाही. कोर्टाने तो दुसरा भाग बाद केला, कारण क्लेममध्ये ती हकिगतच नव्हती. तुम्ही दोन्ही गोष्टी लिहा. अमुक वेळी, अमुक साधनावरून पडला, खालचा थर अपुरा आणि उकरलेला होता, तपासणी व देखभाल नीट नव्हती, नेमलेले कर्मचारी लक्ष देत नव्हते, नियम लागू करत नव्हते, आणि पडल्यावर मदत पोचायला उशीर झाला असेल तर तेही. इंग्रजी सुंदर असण्याची गरज नाही. हकिगत सगळी आली पाहिजे.

क्लेम प्रिन्सिपलच्या हातात देऊ नका. कायद्याप्रमाणे तो संस्थेच्या क्लार्क, सेक्रेटरी किंवा ऑडिटरकडे जातो. डिस्ट्रिक्टच्या मुख्य कार्यालयात स्वतः जाऊन पोच-शिक्का घ्या आणि सोबत सर्टिफाइड मेलनेही पाठवा. शिक्षक-पालक भेटीत प्रिन्सिपलशी झालेलं बोलणं, ‘आम्ही बघतो’ असं आलेलं ईमेल, शाळेने भरून घेतलेला अपघाताचा फॉर्म, यातलं काहीही क्लेम नाही. मराठी घरांत हा घोटाळा विशेष होतो. शाळेशी संबंध बिघडायला नको म्हणून चार गोड भेटी होतात, त्यात फेब्रुवारी-मार्च जातात.

डिस्ट्रिक्टला उत्तर द्यायला ४५ दिवस असतात. नकाराचं लेखी पत्र आलं की ते टपालात टाकल्याच्या तारखेपासून ६ महिन्यांत दावा दाखल करावा लागतो. लेखी उत्तर आलंच नाही तर घटनेपासून २ वर्षं मिळतात, पण पत्र हरवलं की आलंच नाही हे सिद्ध करत बसण्यापेक्षा ६ महिनेच धरून चाला. मूल सज्ञान होईपर्यंत मुदत थांबते, असं कुणीतरी सांगेल. खाजगी माणसावरच्या दाव्यात ते बरोबर आहे. सरकारी संस्थेवरच्या अशा दाव्यात नाही.

सहा महिने चुकलेच तर घटनेपासून एका वर्षाच्या आत उशिरा क्लेमच्या परवानगीचा अर्ज करता येतो, आणि त्या पूर्ण काळात क्लेम करणारा अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचा, असेल तर परवानगी द्यावीच लागते. डिस्ट्रिक्टने तरीही नाकारली तर ६ महिन्यांत कोर्टात अर्ज करायचा. एक वर्ष उलटलं की दार बंद. यात एक खाच आहे. दवाखान्याचं बिल तुम्ही भरलंत, म्हणजे तो तुमचा स्वतःचा क्लेम आहे, आणि तुम्ही अज्ञान नाही. ही सवलत मुलाला आहे, तुम्हाला नाही. क्लेमवर मुलासोबत दोघा पालकांचीही नावं पहिल्यापासून घाला.

शिक्षिकेवर केस करू नये, हे माझं मत. का, ते पैशाच्या वाटेवरून कळेल. कामाच्या ओघात झालेल्या चुकीची भरपाई कलम ८२५ प्रमाणे शेवटी डिस्ट्रिक्टच भरतं. तिला प्रतिवादी करून एक डॉलरही वाढत नाही. शिवाय २००१ च्या शिक्षणविषयक केंद्रीय कायद्यात शिक्षकांना व्यक्तिगत संरक्षण देणारा भाग आहे. जाणूनबुजून केलेलं कृत्य, गुन्हा, घोर हलगर्जीपणा किंवा बेफिकिरी असेल तर ते संरक्षण मिळत नाही, वाहन चालवतानाच्या अपघातालाही नाही, आणि संस्थेला तर ते मुळातच नाही. तिला ओढलंत तर तिचा स्वतंत्र बचाव उभा राहतो आणि जी बाई कदाचित खरं सांगणार होती, ती गप्प बसते. मारहाण किंवा लैंगिक अत्याचार असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. तिथे व्यक्तीचं नाव हवंच आणि मुदतीही वेगळ्या. दंडात्मक भरपाई मात्र डिस्ट्रिक्टकडून कधीच मिळत नाही, कलम ८१८.

खेळ आणि सहली यांचं गणित निराळं आहे. २००३ मध्ये सान होजेच्याच एका हायस्कूल डिस्ट्रिक्टच्या कान (Kahn) खटल्यात नवशिक्या १४ वर्षांच्या जलतरणपटूने साडेतीन फूट खोल पाण्यात सूर मारला आणि मान मोडली. कोर्टाने म्हटलं, प्रशिक्षकाचा साधा हलगर्जीपणा पुरत नाही, मुद्दाम किंवा बेदरकार वागणं दाखवावं लागेल, पण या प्रकरणात तसं दाखवण्याइतका पुरावा आहे. फील्ड ट्रिपला गेलेलं मूल एज्युकेशन कोड ३५३३० मुळे डिस्ट्रिक्टवरचा हक्क सोडून गेलं, असं धरलं जातं, तुम्ही काही सही केली असो वा नसो. मधल्या सुट्टीला यातलं काही लागू नाही.

हीच घटना डॅलसला घडली असती तर हे उत्तर दोन ओळींत संपलं असतं. टेक्सासमध्ये अपघाताच्या प्रकरणात स्कूल डिस्ट्रिक्टवर मोटार वाहनाच्या वापरातून झालेल्या इजेसाठीच दावा चालतो, तोही एका व्यक्तीमागे १,००,००० डॉलरच्या मर्यादेत. तिथल्या १९९२ च्या लेलो खटल्यात विद्यार्थिनीचं डोकं स्कूल बसच्या मागच्या दाराला आपटलं, पण बस उभी होती, इंजिन बंद होतं, ड्रायव्हर नव्हता. म्हणून बस ‘वापरात’ नव्हती आणि दावा गेला. मंकी बार्स तर वाहनच नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनला घडली असती तर सूचना ९० दिवसांत द्यायची, आणि वेदनांची भरपाई मिळण्यासाठी ३,६०० डॉलरपेक्षा जास्त उपचाराचा खर्च आणि शरीराच्या कार्याची कायमची हानी किंवा विद्रूपता, दोन्ही दाखवावं लागतं. हात पूर्ण बरा झाला तर तो भाग शून्य. मुलाच्या बाबतीत तिथे मुदतीला सवलत आहे, पालकांच्या खर्चाला नाही. दुसऱ्या राज्यातल्या भावाचा सल्ला इथे चालत नाही तो यामुळे.

तडजोड झाली तर ती कोर्टाकडून मंजूर करून घ्यावी लागते आणि मुलाचे पैसे सहसा तो १८ वर्षांचा होईपर्यंत बंद खात्यात राहतात. वकिलाची फीसुद्धा त्याच वेळी तपासली जाते. मुलाच्या वतीने तुम्ही स्वतः कोर्टात उभे राहू शकत नाही, वकील लागतोच. तुमच्या आरोग्य विम्याने शस्त्रक्रियेचे पैसे दिले असतील तर तडजोडीतून ती कंपनी परतफेड मागते. रक्कम ठरवण्याआधी त्यांचा आकडा लेखी घ्या. शाळेच्या विद्यार्थी-अपघात विम्याचा फॉर्म आला असेल तर भरा, पण त्यात ‘सर्व दावे मिटले’ असं काही लिहिलं नाही ना ते वाचा.

एच-वन-बी व्हिसावर असाल तर त्याची चिंता सोडा. इजेच्या दिवाणी दाव्यात स्थलांतराचा दर्जा पुरावा म्हणून आणायला कॅलिफोर्नियात बंदी आहे. काळजी वेगळीच घ्या. नोकरी बदलली, घर बदललं किंवा पुण्याला परत गेलात, तर नकाराचं पत्र क्लेमवरच्या जुन्याच पत्त्यावर जाईल आणि ६ महिने मात्र त्याच दिवसापासून मोजले जातील. पत्रव्यवहाराच्या रकान्यात वकिलाचा, नाहीतर कायम इथे राहणाऱ्या नातेवाइकाचा पत्ता घाला, आणि तो बदलला तर डिस्ट्रिक्टला लेखी कळवा.